यादी चावडीवर लावा

हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. कारण नेहमीचंच. कागदाला पैसे नव्हते. नऊ जणांनी मिळून जमवले. कुणी किती दिले ते शेवटच्या पानावर नावासकट छापलंय. त्यात धक्क्यावरच्या एका बदली हमालाचे वीस रुपये आहेत, एका प्राध्यापक मित्राचे पाचशे आहेत, आणि माझे शंभर उधारीच्या रकान्यात आहेत, कारण ते मी अजून दिलेले नाहीत. प्राध्यापक म्हणाला, माझं नाव कशाला छापतोस? मी म्हटलं, लेका, देणारा तू लाजतोस, आणि तिकडं घेणाऱ्यांची नावं सांगायला सरकार लाजतंय. मग लोकांना कळायचं कसं, कोण कुणाचं खातंय?

तो हसला. मला हसू येत नव्हतं. मी गावाहून नुकताच आलो होतो.

दोस्तांनो, मी गोदीत पोती वाहतो हे तुम्हाला माहीत आहे. मॅट्रिक झालो, पुढं शिकायला पैसे नव्हते, कविता होत्या. कवितांवर कुणी मजुरी देत नाही. आफ्रिकेतली तूर बोटीतून उतरते, आमच्या पाठीवरून ट्रकात चढते, आणि तिकडं लातूरच्या आडतीत तुरीचा भाव खाली बसतो. माझी पाठ माझ्याच जिल्ह्याचा भाव पाडायला भाड्यानं दिलेली आहे. असो. तो वेगळ्या अग्रलेखाचा विषय.

सप्टेंबर २०२५. मांजरा, तेरणा, मन्याड, गोदावरी, सगळ्या एकदम उठल्या. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगाव बुडालं, माणसं मेली. आमचं गाव अहमदपूरहून कंधारकडं जाताना लागतं, लातूर संपतं आणि नांदेड सुरू होतं त्या शिवेवर. चुलत्याचा फोन आला. म्हणाला, "सोयाबीन गेलं. मातीबी गेली. खाली दगुड दिसलालाय."

आता ही माती कुणाची ते सांगतो. गायरान. अडीच एकर. आजानं ऐंशी-एक्याऐंशी साली फोडलं. आजी, आजा आणि थोरला मुलगा, तिघांनी हातानं दगड वेचले. तेव्हापासून ते पेरतंय आमचं घर. सातबाऱ्यावर नाव सरकारचं. वहिवाट आमची. दर दोन-चार सालांनी तलाठी यायचा, अतिक्रमणाचा दंड लावायचा, पावती द्यायचा. त्या पावत्या आजानं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या, बाबासाहेबांच्या फोटोमागं. सरकारनं दंड घेतला म्हणजे सरकारनं आपल्याला पाहिलं, असं आजाचं साधं गणित होतं.

गणित अगदीच चुकीचं नव्हतं. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंत ज्या भूमिहीन दलित-आदिवासींनी गायरान कसायला घेतलं त्यांची अतिक्रमणं नियमित करा म्हणून. त्यामागं दादासाहेब गायकवाडांचा १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह होता. तुरुंग भरले होते. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी पुढं याच गायरानासाठी जन्म घातला. कागद निघाला. आमच्यासारख्या कितीतरी घरांपर्यंत तो पोचलाच नाही. मग २०११ साली सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग खटल्यातला निकाल आला, गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद लिहिलेला आहे. पण अपवाद वाचायला चष्मा लागतो, आणि आमच्या साहेबांचा चष्मा अशा वेळी घरी राहतो.

तर पंचनामा करायला माणूस आला. चुलता बांधावर उभा. माणसानं मोबाइलात बघितलं, म्हणाला, गट नंबर कुणाच्या नावावर हाय?

चुलता म्हणाला, सरकारच्या.

"मग भरपाई सरकारलाच द्यावी लागंल की," असं म्हणून तो हसला. बरोबरचे दोघं हसले. चुलताही हसला असणार. आमच्यात अजून तशी खोड आहे, वरचा हसला की आपणही हसायचं.

७ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईत मदतीचं पॅकेज जाहीर झालं. ३१,६२८ कोटी. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार, वर रब्बीच्या बियाणाला हेक्टरी दहा हजार, आणि दोन हेक्टरांची मर्यादा वाढवून तीन. वाचणाऱ्यानं नीट वाचावं. सगळं हेक्टरी आहे. ज्याला हेक्टर नाही त्याचं नुकसान या भाषेत मोजताच येत नाही. शेतमजूर बाईचे बुडालेले दिवस किती हेक्टर? बटईनं करणाऱ्याचं अर्धं बी, अर्धं खत, पूर्ण घाम, हे कुठल्या गटात मांडायचं? २०२५ पासून तर शेतकरी म्हणून वेगळा ओळख क्रमांक काढावा लागतो. तो सातबाऱ्यावरून निघतो. म्हणजे शेतकरी कोण ते आता यंत्र ठरवणार. आमची माय चाळीस वर्षं निंदतेय, यंत्राला ती दिसत नाही.

मी चार दिवसांचा खाडा करून गावाला गेलो. मला यादी बघायची होती. कुणाला किती मिळालं त्याची. कार्यालयात म्हणाले, यादी लावली होती, पावसानं गेली. पाऊस तर तोवर उघडला होता. पण आमच्या वाड्यातल्या एका पोरानं तिचा फोटो मोबाइलात काढून ठेवला होता. अर्धा फोटो तिरपा, एका कोपऱ्यात त्याचं बोट. आम्ही दोघं रात्री समाजमंदिराच्या पायरीवर बसून एकेक नाव वाचत गेलो.

मला वाटलं होतं चोरी सापडेल. खोटी नावं, मेलेली माणसं, एकाच घरात चार-चार. तसलं मला काही ओळखता आलं नाही. सापडलं ते त्याहून जास्त टोचणारं. यादीतलं एक नाव पुण्यात पगारावर आहे. त्याची दोन हेक्टर आमच्याच वाड्यातलं एक घर बटईनं करतं. नुकसान त्या घराचं, अनुदान पुण्यात. दुसरं नाव वीस वर्षं गावात राहात नाही, जमीन ठोक्यानं दिलेली, ठोक्याचे पैसे आगाऊ घेतलेले. त्याला पाऊस पडला काय आणि नाही पडला काय. त्यालाही मिळालं. हे सगळं कायदेशीर आहे. कुणी खोटी सही केलेली नाही. कायद्यानंच लिहिलंय की पैसा जमिनीच्या कागदाला मिळेल, जमिनीवर वाकलेल्या माणसाला नाही. हे मला आधी तोंडपाठ होतं, भाषणात मी ते टाळ्यांसाठी वापरलेलंही आहे. पण नावं वाचत गेलो तेव्हा ते पहिल्यांदा अंगात गेलं.

यादी इतकी धोक्याची का, ते मला तिथं पायरीवर कळलं.

चोऱ्या तर आहेतच. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत काय झालं? अतिवृष्टीच्या अनुदानात जमीन नसलेल्यांच्या नावावर, एकाच माणसाच्या नावावर दोन-दोनदा पैसे उचलले गेले. तलाठ्यांच्या लॉगिनवरून. २०२५ साली चौकशी झाली, निलंबनं झाली, गुन्हे दाखल झाले. कोट्यवधींचा मामला. गावागावात यादी चावडीवर असती तर पहिल्याच दिवशी एखादी म्हातारी म्हणाली असती, अरे ह्याला कुठली जमीन? त्या म्हातारीला लॉगिन लागत नाही.

आणि पीकविमा. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात विमा सुरू झाला. शेतकऱ्याच्या हिश्शाचे बाकीचे पैसे राज्य सरकार भरणार. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला अर्जामागं चाळीस रुपये. मग काय, अर्जांना पूर आला. बीड जिल्ह्यात सरकारी जमिनींवर, गायरानावर, देवस्थानाच्या जमिनींवर विमे उतरवलेले निघाले. नांदेड जिल्ह्यातही सेवा केंद्रवाल्यांवर गुन्हे दाखल झाले. शेवटी २०२५ च्या खरिपाला सरकारनं एक रुपयाची योजनाच गुंडाळली. चोर पकडायचे सोडून दुकान बंद केलं, त्यात खरा शेतकरीही बाहेर बसला.

पण दोस्तांनो, त्यातलं एक वाक्य परत वाचा. गायरानावर विमे उतरवलेले निघाले. ज्या गायरानावर माझ्या चुलत्याला पंचनामासुद्धा मिळत नाही, तसल्याच गायरानावर कुठल्यातरी केंद्रात बसून, कधी ढेकूळ न पाहिलेला माणूस शेतकरी झाला. त्याचं पीक कागदावर उगवलं, कागदावर बुडालं आणि त्यानं भरपाईचा हक्क सांगितला. आमच्या नावाची सरकारदरबारी एकच यादी आहे, गाव नमुना एक-ई, अतिक्रमणाची नोंदवही. बाकी कुठल्या यादीत आम्ही नाही.

वरच्या पातळीवर बघायचं तर पीएम-किसान घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली, वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते. २०२३ पासून महाराष्ट्र सरकार त्यात आणखी सहा हजार घालतं. जमीन नावावर असलेल्यालाच. बटईदार, ठोकेदार, मजूर बाद. आयकर भरणारेही बाद, असं नियमात लिहिलंय. मग माहिती अधिकार कार्यकर्ते वेंकटेश नायक यांनी अर्ज टाकला आणि जानेवारी २०२१ मध्ये उत्तर बाहेर आलं. अपात्र असून पैसे घेतलेले २० लाख ४८ हजार. रक्कम १,३६४ कोटी. त्यातले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे. सर्वात जास्त अपात्र ज्या राज्यांत सापडले त्या पाचांत महाराष्ट्र होता. आयकर भरणारा दोन हजारांसाठी रांगेत! भिकेलाही एक इभ्रत असते म्हणतात. ह्यांना तीही नको.

एका साध्या अर्जानं एवढं बाहेर आलं. म्हणूनच आता त्या अर्जाचा गळा धरलाय.

माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आमच्या प्रत्येक शाखेत टांगलेला पाहिजे. त्यात कलम चार आहे. चार (१) (ख) मधला बारावा मुद्दा सांगतो की अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक सरकारी कार्यालयानं आपणहून जाहीर करायचं. कुणी मागायची वाट बघायची नाही. वीस वर्षं झाली. तुमच्या तालुक्याला जाऊन बघा, हा बारावा मुद्दा कुठल्या भिंतीवर दिसतो का.

आणि आता दुसरा कायदा आलाय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा, २०२३ चा. त्यानं माहिती अधिकाराच्या कलम आठमधला एक तुकडा बदलला आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी लिहिलं होतं, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती नाकारता येईल, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती माणसालाही नाकारता येणार नाही. आता ते सगळं छाटून एवढंच ठेवलंय की वैयक्तिक माहिती असली की नाकारा. नाव वैयक्तिक. गाव वैयक्तिक. रक्कम वैयक्तिक. पैसा मात्र सार्वजनिक, तुमच्या आमच्या काडेपेटीवरच्या करातला. कार्यालयातला बाबू आता एका ओळीत उत्तर देईल आणि चहा प्यायला जाईल. त्याला दोन गोष्टी सांगा. बारावा मुद्दा अजून जागेवर आहे, तो कुणी काढलेला नाही. आणि कलम आठ (२) मध्ये सार्वजनिक हिताचं दार अजून उघडं आहे. त्यावर बोट ठेवून भांडा.

या वैयक्तिकपणाची गंमत बघा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याखाली आमच्या माणसाचं जॉबकार्ड, नाव, गाव, जात-गट, कुठल्या आठवड्यात किती दिवस काम केलं, किती मजुरी पडली, सगळं जगाला उघडं होतं. अमेरिकेत बसून बघा म्हणावं, अमुक गावातल्या अमुक बाईला किती रुपये मिळाले. पुढं तर दिवसातून दोनदा कामावरच्या मजुरांचा फोटो मोबाइलातून वर पाठवायचा नियम आला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं तो कायदा मोडून त्या जागी नवा आणला, तो भाग वेगळा. पण इतकी वर्षं कुणाला वाटलं नाही की मजुरालाही खाजगीपण असतं. माती उचलणारी बाई उघडी, आणि अनुदान उचलणारा झाकलेला! हे कसलं संरक्षण? ही तर जुनीच रीत. वाड्याला भिंत, वाड्याबाहेर राहणाऱ्याच्या झोपडीला दार नाही.

जगात असं सगळीकडं नाही. युरोपात शेतीच्या अनुदानावर तिथल्या सरकारांचा अफाट पैसा जातो. तिथं पत्रकार आणि पोरं मागं लागली, २००४ साली डेन्मार्कनं नावं उघड केली, २००५ साली इंग्लंडनं. यादीत कोण निघालं? इंग्लंडची राणी. गरीब शेतकऱ्याच्या नावानं काढलेल्या योजनेत राणीच्या शेताला पैसे. २०१० साली तिथल्या वरच्या कोर्टानं माणसांची नावं अशी सरसकट छापायला मनाई केली, म्हणाले खाजगीपणाचा भंग होतो. मग त्यांनी नियम बदलला, छोट्या रकमा घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचं नाव झाकलं आणि मोठ्यांची नावं पुन्हा उघडी केली. मला ही तडजोड पटते. आमच्या बैठकीत सगळ्यांना पटली नाही.

बैठकीत काय झालं तेही लिहितो, लपवायचं कशाला. एक मित्र म्हणाला, नावं चावडीवर लागली की पहिला मार कुणाला पडणार? आपल्यालाच. महारवाड्यातल्या विधवेला विहीर मंजूर झाली हे फलकावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी गाव म्हणणार, बघा, फुकटखाऊ. तो नायगावकडचा आहे. १९७८ साली ऑगस्टमध्ये टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं, ते त्यानं लहानपणापासून घरात ऐकलंय. माझा आजाही म्हणायचा, नामांतराच्या दंगलीत विद्यापीठाचं नाव निमित्त होतं, ज्या घरानं गायरान पेरलं, ज्या घराच्या कुडाला विटा लागल्या, ते घर आधी पेटलं. कुणाकडं काय आहे हे जातदांडग्याला यादीशिवाय माहीत असतं. त्याच्यासाठी अख्खा गावच यादी आहे. यादी नाही ती आपल्याकडं, त्याची. म्हणून मित्राचं भय खरं मानूनही मी म्हणतो, लावा. आधार क्रमांक, खाते क्रमांक, फोन झाका, त्यांची कुणाला गरज नाही. नाव, गट, क्षेत्र, रक्कम उघडी ठेवा. आणि पाचशे-हजारवाल्या विधवेपासून नको, वरून सुरू करा.

आणि हो, आपल्या घरापासूनही. मागासवर्गीय बचत गटांना मिनी ट्रॅक्टर मिळतो, नव्वद टक्के अनुदानावर. गट आपल्या पोरांचा, सह्या आपल्या, फोटो आपला. ट्रॅक्टर कुणाच्या वाड्यात उभा असतो ते तुम्हाला माहीत आहे. सहीचे पाच-दहा हजार घेऊन कोण गप्प बसलं तेही माहीत आहे. त्यातला एकजण आमच्या मोर्च्यात माझ्या शेजारी घोषणा देतो. अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळात शेकडो कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली त्याच्याच अध्यक्षाला, आमदार रमेश कदमांना, २०१५ साली अटक झाली. ज्या मांगवाड्यातल्या पोराला पन्नास हजारांचं कर्ज मिळत नव्हतं त्याच्या नावाचं ते महामंडळ. आणि दादासाहेब गायकवाडांच्या नावानं २००४ पासून योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. जिरायतीला एकरी फार तर पाच लाख. त्या भावात रस्त्याकडची काळी जमीन कोण विकेल? विकतो तो मुरमाड, खडकाळ, पाणी नसलेली. मग तुमच्या जिल्ह्यात कोणाची जमीन सरकारनं घेतली, काय भावानं घेतली, कुणाला दिली, ती आज कोण कसतंय? चार प्रश्न. हे मागायला कुणी आपल्याला अडवलेलं नाही. आपण मागितलेलं नाही.

तर ठरलंय असं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांनी आपापल्या गावापुरते अर्ज टाकायचे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. तीस दिवसांत उत्तर. एकट्यानं अर्ज टाकायचा नाही, पाच जणांनी पाच अर्ज टाकायचे, एकाच दिवशी. तळेगावच्या सतीश शेट्टींना जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं, ते माहितीचे अर्ज टाकत होते. हे विसरून शूरपणा नको. आलेली उत्तरं या अंकात छापू, जशीच्या तशी. नकार आला तर नकारही छापू, सही-शिक्क्यासकट.

आमच्या गावचा अर्ज मी लिहून ठेवलाय. परवा रात्रपाळी संपल्यावर धक्क्यावरून चुलत्याला फोन केला, वाचून दाखवला. खाली माझं नाव घातलं होतं. म्हटलं मी इथं मुंबईत, मला कोण काय करणार.

तो बराच वेळ गप्प होता. मागं बोटीचा भोंगा वाजत होता, त्याला वाटलं फोन कटला.

मग म्हणाला, "तुजं नाव काड. माजं घाल. त्या यका-ईच्या वहीत माजंच नाव हाय न्हवं? तेच ऱ्हाऊ दे. वळखतेत मला."